प्लग-पॉइंट बदलूनही पद्मिनी-अँबॅसेडर मिसिंग करते? कारण शोधायचं कसं

पद्मिनी किंवा अँबॅसेडर मिसिंग करायला लागली, म्हणजे सिलिंडर मधूनमधून ठोका चुकवून झटके देऊ लागले, की ठरलेला कार्यक्रम सुरू होतो. नवे प्लग, नवे पॉइंट (कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारा उघड-बंद संपर्क), नवा कंडेन्सर (पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा), कार्ब्युरेटर खोलून साफ. गाडी दोन-तीन आठवडे छान पळते आणि कात्रजचा चढ लागला की पुन्हा तेच धक्के. बदललेला भाग खराब होता हे खरं असतं, पण त्याला खराब करणारी गोष्ट गाडीतच राहिलेली असते. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर पॉइंट हे कारण नाही, तो परिणाम आहे. परत येणाऱ्या मिसिंगमागे जावं लागतं ते त्या मूळ गोष्टीसाठी.

इथे पॉइंटवर चालणाऱ्या गाड्या गृहीत धरल्या आहेत: १०८९ सीसीची पद्मिनी आणि १४८९ सीसीची अँबॅसेडर. दोन्हींचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, आणि एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा. हत्यारं फार लागत नाहीत. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कपॅसिटर मोजू शकणारा डिजिटल मल्टिमीटर आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) हवेच. टायमिंग लाईट आणि व्हॅक्यूम गेज असेल तर बराच वेळ वाचतो.

मिसिंग नेमकी केव्हा होते?

पाना हातात घेण्याआधी याचं उत्तर लिहून काढा. आयडलिंगला ठरावीक तालात एक ठोका चुकतो आणि तो वेगातही चुकतच राहतो, तर एका सिलिंडरची भानगड आहे. आयडलिंगला धडधड आणि ॲक्सिलरेटर दाबला की सगळं सुरळीत, तर आयडल जेट (कार्ब्युरेटरमधलं बारीक छिद्र) किंवा मॅनिफोल्डमधून (सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या पाइपातून) आत शिरणारी हवा. सपाट रस्त्यावर ठीक पण चढावर, टॉप गिअरमध्ये पाय दाबला की झटके, तर बहुतेक वेळा इग्निशन: सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमजोर कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी), रोटर (ते फिरत एकेका प्लगकडे देणारा) किंवा वायर तिथे उघडी पडते. हलक्या पायाने एका वेगात चालवताना झटके आणि पाय दाबला की गायब, तर संशय थेट डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे पॉइंट आणि रोटर असलेल्या डब्याच्या, आतल्या वायरवर. त्याबद्दल पुढे सविस्तर. अर्धा तास चालल्यावरच त्रास होत असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा पेट्रोलची वाफ.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरून पाहा. तो ठरावीक अंतराने फडफडला तर ठोका चुकतो आहे. मधूनच आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला असण्याची शक्यता मोठी.

कोणता सिलिंडर?

इंजिन गरम करा, आयडलिंग थोडं वाढवा आणि इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेक प्लग वायर काढा. काढलेली वायर हवेत लोंबती ठेवू नका, तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. नाहीतर वाट न मिळालेलं व्होल्टेज कॉइलच्या किंवा रोटरच्या आतून वाट काढतं आणि नवा बिघाड तयार होतो. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो काम करत नाही. चारही वायरींना सारखाच फरक पडत असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात आहे: कॉइल, रोटर, पॉइंट, कंडेन्सर किंवा पेट्रोल. हा एक निकाल अर्धी गाडी तपासातून वगळतो. हे करताना पंख्याजवळ ओढणी, मफलर, सैल बाह्या आणू नका.

अँबॅसेडरच्या हेडमध्ये १ आणि २ यांना एक इनलेट पोर्ट आहे, ३ आणि ४ यांना दुसरा. त्यामुळे १-२ किंवा ३-४ अशी शेजारची जोडी कमजोर दिसली तर मॅनिफोल्डचं गॅस्केट त्या टोकाला हवा घेतंय का ते आधी बघा. हवा शोधायला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारू नका. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून आहेत आणि तिथे पेट घ्यायला क्षण पुरतो. पिचकारीने थोडं इंजिन ऑईल गॅस्केटच्या कडेला सोडा. आवाज बदलला तर गळती तिथेच. किंवा रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं कडेने फिरवा, फुसफुस स्पष्ट ऐकू येते.

कॉम्प्रेशन आधी, कार्ब्युरेटर शेवटी

कॉम्प्रेशन न बघता ट्युनिंग करणं म्हणजे भिंत ओली असताना रंग लावणं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची पॉझिटिव्ह वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके मिळतील एवढा स्टार्टर मारा. आकडा किती आला यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा; तो १० ते १५ टक्क्यांच्या आत हवा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, हवेचा दाब इथे साधारण ६ टक्के कमी असतो, म्हणून मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर सारखेच थोडे कमी दाखवत असतील तर घाबरू नका. व्हॅक्यूम गेजचंही तसंच: पुस्तकात १८ ते २० इंच (पाऱ्याचे) लिहिलं असेल तर इथे १६ ते १८ इंच आणि काटा स्थिर, हे निरोगी इंजिन. काटा ठरावीक तालात खाली झटकत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

एखादा सिलिंडर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड गॅस्केट.

व्हॉल्व्ह म्हटलं की हेड उतरवायची घाई होते, त्याआधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, बघा. टॅपेट फार घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटकडे जात नाही आणि काही महिन्यांत तो जळतो. १४८९ सीसीच्या अँबॅसेडरला ०.३८ मिमी फट ठेवतात. नऊचा नियम सोपा आहे: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना आठवा सेट करायचा, तिसरा उघडा असताना सहावा, बेरीज नेहमी नऊ. पद्मिनीची फट तिच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, अँबॅसेडरचा आकडा तिला लावू नका. रॉकरच्या टोकाला खड्डा पडलेला असेल तर फीलर गेज खोटं माप देतं, कारण त्याची पट्टी खड्ड्यावरून आडवी जाते. अशा वेळी रॉकर घासून सपाट करून घ्या, मगच माप घ्या.

बॅटरी ते पॉइंट: मल्टिमीटरने चालत या

कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं का, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. पॉइंट बंद असताना, इग्निशन चालू ठेवून, कॉइलच्या पॉझिटिव्हवर मोजा. साध्या कॉइलला बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी मिळत असेल तर झिजलेला इग्निशन स्विच, काळा पडलेला फ्यूज किंवा हिरवा गंज चढलेला जोड शोधा. खात्रीसाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलपर्यंत तात्पुरती वायर ओढून गाडी चालवून बघा. मिसिंग गेली तर डॅशबोर्डच्या मागे दोष आहे. ही वायर लावलेली असताना चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही, ती काढावी लागेल हे लक्षात ठेवा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलकडे जाणारा करंट कमी करणारा) असलेल्या गाडीत ही चाचणी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त करू नका.

मग मीटर कॉइलच्या निगेटिव्हवर. पॉइंट बंद असताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. दिसलं तर पॉइंट घाणेरडे आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरचं अर्थिंग सुटलंय. इंजिन आणि बॉडीमधली जाळीदार अर्थिंग पट्टीही याच वेळी बघा. अनेक गाड्यांत ती तुटून पडलेली असते आणि करंट चोक केबलमधून परत जात असतो. तपासताना इग्निशन विनाकारण चालू ठेवू नका, पॉइंट बंद असतील तर कॉइल तापत राहते.

आता कॉइल. वायरी काढून दोन छोट्या टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स मोजा. बॅलास्टशिवाय चालणाऱ्या कॉइलचा तो ३.१ ते ३.५ ओम असतो, बॅलास्टसोबत चालणाऱ्या कॉइलचा १.५ ओमच्या आसपास. परत परत जळणाऱ्या पॉइंटचं गुपित इथे सापडतं. कोणीतरी "जास्त पॉवरवाली" म्हणून १.५ ओमची कॉइल सरळ बसवलेली असते. चार्जिंगच्या १३.८ व्होल्टला तिच्यातून ९ अँपिअरपर्यंत करंट जातो, तर ३.२ ओमच्या कॉइलमधून ४ अँपिअरच्या थोडा वर. पॉइंट दुसऱ्या आकड्यासाठी बनवलेले आहेत. पहिल्याखाली ते निळे-काळे पडतात, आणि तुम्ही दर महिन्याला नवे आणत राहता.

डिस्ट्रिब्युटर: इथे वेळ द्या

कॅप काढा आणि आतून उजेडात तिरकी धरून बघा. पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी बारीक रेघ दोन टर्मिनलमध्ये दिसली तर ती ठिणगीची पायवाट आहे. घासून जात नाही, कॅप बदला. मधला कार्बन ब्रश बोटाने दाबा, तो स्प्रिंगवर मोकळा वर-खाली झाला पाहिजे. पावसाळ्यात, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी मिसिंग करते आणि दहा मिनिटांनी सुधारते, तर कॅपच्या आत दव बसलेलं असतं. कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसा. दर पावसाळी सकाळी हेच होत असेल तर कॅपला तडा आहे किंवा वायरींचं रबर फुटलंय. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, निळ्या ठिणग्या बाहेर पळताना डोळ्यांना दिसतात.

रोटरकडे कोणी बघत नाही, कारण तो नवा असतो. नव्या रोटरमध्येच सगळ्यात जास्त दगा आहे. हलक्या प्लास्टिकच्या, मधोमध रिव्हेट असलेल्या रोटरमधून ठिणगी आतल्या आत शाफ्टकडे उतरते, आणि गरम झाल्यावर जास्त. चाचणी अशी: कॅप काढा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलची जाडी वायर इन्सुलेशनच्या पकडीने धरून तिचं टोक रोटरच्या पितळी पट्टीपासून ३ मिमी वर ठेवा. इग्निशन चालू करून पॉइंट प्लास्टिकच्या काडीने उघड-बंद करा. पट्टीवर सणसणीत ठिणगी पडत राहिली तर तिला रोटरमधून खाली जायला वाट मिळते आहे, रोटर फेका. चांगल्या रोटरवर ठिणगी पडत नाही. नाना पेठेत रोटर घ्यायला जाताना जुना मूळ रोटर सोबत न्या, वजन आणि शाफ्टवर बसणारी पकड हाताने ताडून बघा. जुन्या बाजारात कधीकधी न वापरलेली जुनी बेकेलाइटची कॅप आणि रोटर मिळतात. तडा नसेल तर आजच्या स्वस्त मालापेक्षा ते नक्कीच बरे.

पॉइंटची फट लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी. बहुतेक जण एका कॅमवर मोजून झाकण लावतात. तसं करू नका, इंजिन हाताने फिरवत चारही कॅमवर मोजा. एकावर ०.४० आणि दुसऱ्यावर ०.३० आली तर शाफ्टचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजलाय. रोटरच्या जागी शाफ्ट धरून आडवा हलवला की ढिलाई बोटांना कळते. या अवस्थेत कोणतेही पॉइंट घातले तरी प्रत्येक सिलिंडरला वेगळं टायमिंग मिळणार. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश बंद राहतात ते मोजणारा) असेल तर तो चार सिलिंडरच्या लुकास डिस्ट्रिब्युटरला ६० अंशाच्या आसपास, ३ अंश इकडे-तिकडे दाखवला पाहिजे. आयडलिंगपासून २००० आरपीएमपर्यंत नेताना तो तीनपेक्षा जास्त अंशांनी सरकला, तरी निदान हेच. उपाय म्हणजे नवा बुश. लेथवाल्याकडून साधा पितळी बुश करून घेण्यापेक्षा तेल शोषणारा ब्राँझचा बुश वापरा आणि बसवण्याआधी तो दिवसभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा. इलेक्ट्रॉनिक किट बसवणार असाल तर त्यालाही आमची हरकत नाही, रोजच्या गाडीला ते सोयीचं आहे. पण बुश आधी. डगमगत्या शाफ्टवर किटसुद्धा डगमगतं, आणि खराब रोटर-कॅप ते दुरुस्त करत नाही.

पॉइंट बसवताना कॅमवर मोहरीएवढं ग्रीस चोळायचं आणि रोटरखालच्या नमद्यावर दोन थेंब तेल. कॅम कोरडा राहिला तर पॉइंटची फायबरची टाच झिजते, फट हळूहळू मिटते, टायमिंग मागे सरकतं, आणि काही आठवड्यांत गाडी पुन्हा तिथेच. ग्रीस जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि जळतं. नवे पॉइंट डब्यातून काढल्यावर त्यांच्यावरचा गंजरोधक थर स्पिरिटने पुसणंही विसरलं जातं.

कंडेन्सरची क्षमता ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड. डब्यातल्या नव्या कंडेन्सरचीही मोजा. त्यांतला प्रत्येक चांगला निघतोच असं नाही. पॉइंटच्या एका चकतीवर टेंगूळ आणि समोरच्या चकतीवर खड्डा असं दिसलं तर कंडेन्सर त्या गाडीला जुळत नाही. गरम झाल्यावरच दगा देणारा कंडेन्सर ओळखायला दुसरा एक कॉइलच्या निगेटिव्हवर लावा, त्याचं आवरण अर्थला जोडा आणि आतल्या कंडेन्सरची वायर सोडवून ठेवा. त्रास गेला तर तो बाहेरच राहू द्या. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्यापेक्षा कॉइलच्या पट्टीवर तो थंड राहतो आणि टिकतो.

आता ती हलक्या पायाची मिसिंग. पॉइंटपासून बाहेरच्या टर्मिनलपर्यंत एक बारीक, लवचीक वायर जाते आणि बेसप्लेटला अर्थिंगची दुसरी. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) काम करताना प्लेट फिरते आणि या दोन्ही वायरी दरवेळी वाकतात. वर्षानुवर्षांनी आतले तांब्याचे तंतू तुटतात, पण वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून बघून काहीच कळत नाही. हलक्या पायाला व्हॅक्यूम जास्त, प्लेट फिरलेली, तंतू विलग, ठोका चुकतो. पाय दाबला की व्हॅक्यूम पडतं, प्लेट परत येते, तंतू टेकतात. तपासायला डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी काढा, कार्ब्युरेटरकडचं तोंड बुजवा आणि तोच रस्ता पुन्हा चालवा. मिसिंग गायब झाली की वायर बदला. जागेवर साधी घरगुती वायर घालू नका, ती आठवड्यात तुटते. खूप बारीक तंतूंची मऊ वायर लागते, टेस्टरच्या प्रोबला असते तशी.

प्लग वायरींतही एक सापळा आहे. जुन्या लुकास कॅपमध्ये वायर आत सरकवून बाजूने टोकदार स्क्रू घट्ट करतात. तो तांब्याच्या तारेसाठी आहे. तिथे कार्बन दोऱ्याची आधुनिक वायर घातली की स्क्रू दोऱ्याला चुकवून जातो, किंवा आतल्या आत ठिणगी पडून दोरा जळतो. अशा कॅपला तांब्याची वायर आणि प्लगच्या टोकाला ५ किलोओमचं रेझिस्टर टोपण, हीच जोडी बरोबर. प्लगची फट ०.६ ते ०.६५ मिमी.

पेट्रोल

इथवर सगळं ठीक निघालं तरच पेट्रोलकडे या. फक्त आयडलिंगला धडधड असेल तर आयडल जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा, तार घालू नका. पंपाची धार बघायची तर कॉइलची वायर काढून, कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडून स्टार्टर मारा: प्रत्येक ठोक्याला भरदार उसळी हवी, बुडबुडे नकोत. बुडबुडे म्हणजे टाकी ते पंप या वाटेत कुठेतरी हवा शिरतेय.

आता पंपांवर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला १३.५ पट. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन (हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर) चालते आणि चढावर झटके देते. प्लग काढून बघा. पोर्सेलिन पांढरंफटक असेल आणि इग्निशन वरच्या कसोट्यांतून पार पडलं असेल, तर मेन जेट एक पायरी मोठा करा. ११५ च्या जागी १२० घातला तर भोकाचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांच्या जवळपास वाढतं आणि फरक भरून निघतो. इथेनॉल ओलावाही ओढतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं, आणि अशी गाडी सुरू होऊन पहिल्याच वळणावर अडखळते. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास ठेवा, पाण्याची रेघ दिसेल. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉल सहन करणारे घ्या.

एप्रिल-मेमध्ये घाटात गाडी चारही सिलिंडरांनिशी मान टाकते तेव्हा पेट्रोलची वाफ की तापलेली कॉइल, हे तिथेच ठरवता येतं. आधी ठिणगी बघा. ठिणगी दमदार असेल तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा, काही मिनिटांत गाडी सुरू झाली तर वाफ. ठिणगी पिवळी, अशक्त असेल तर कॉइलच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळा, तिच्या वरच्या टोपणाला पाणी न लावता.

प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, त्याच गिअरमध्ये चालवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दिवे घाट यासाठी चांगला आहे: पायथ्याला इंजिन पूर्ण गरम झालेलं असतं आणि चढ सलग मिळतो. वर पोचल्यावर सुरक्षित जागी, आयडलिंगवर रेंगाळू न देता, इंजिन बंद करा आणि थोडं निवल्यावर चारही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडा. चारही फिकट तपकिरी असतील तर दुरुस्ती पुरी झाली. एकच काळा-कोरडा असेल तर त्या सिलिंडरची वायर आणि कॅपचं टर्मिनल पुन्हा तपासा. काळा-तेलकट असेल तर व्हॉल्व्ह गाईड किंवा रिंगा, आणि मग हेड उतरवण्याची तारीख ठरवा.